जाड तार एक सूर खाली

वर्गात

बारावीच्या वर्गात मी ताणलेल्या तारेची कंपनं शिकवत होते. फळ्यावर आकृती काढता काढता खडू हातातून निसटला. उचलायला वाकले आणि वाकलेली तशीच जमिनीवर बसले. मुलांना वाटलं, मॅडमना चक्कर आली. एकीने पाण्याची बाटली पुढे केली. मी पूर्ण शुद्धीवर होते, डोकंही नीट चालत होतं. फक्त उठायचं कसं हे पायांना कळत नव्हतं.

तसं ते आदल्या आठवड्यापासूनच सुरू होतं. त्याच्याही आधी पोट बिघडलं होतं, ते बरं झालं. मग तळपायांना मुंग्या यायला लागल्या. चप्पल पायातून निघून जायची आणि मला पुढे गेल्यावर कळायचं. आमच्या वणीत माणसाला थकायला कारणं भरपूर. ऊन आहे, कोळशाची धूळ आहे, दिवसभर ट्रकांचा आवाज आहे. मीही सगळं थकव्यावर ढकललं. गल्लीतल्या डॉक्टरांनी ताकदीची इंजेक्शनं दिली होती, ती घेऊन मी रोज कॉलेजचा जिना कठड्याला धरून चढत होते.

त्या दिवशी दोन सहकाऱ्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट खाली आणलं. माझा नवरा प्रफुल कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला आहे. तो ग्रीस लागलेल्या कपड्यांतच आला. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "काहून सांगितलं नाही?"

मी म्हटलं, "मलेच आता कळलं."

लिहिताना मी त्याला 'तो' म्हणते आहे. घरात 'तुम्ही' म्हणते, सासूबाईंसमोर तर नक्कीच.

रबरी हातोडी

यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझे पाय पलंगाखाली सोडायला लावले आणि गुडघ्यावर रबरी हातोडी मारली. पाय उडायला हवा होता. हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली. तोही नाही. मग मनगट, कोपर. डॉक्टरांचा चेहरा तसाच राहिला, पण त्यांनी हातोडी खिशात ठेवली आणि खुर्ची ओढून बसले. डॉक्टर खुर्ची ओढून बसले की समजावं, गोष्ट मोठी आहे.

त्यांनी नाव सांगितलं, जीबीएस. शरीराची स्वतःचीच फौज चुकून नसांवरच्या आवरणावर तुटून पडते. "वायरवरचं प्लास्टिक सोललं जातं असं समजा," ते म्हणाले. मी फिजिक्स शिकवते हे त्यांना माहीत नव्हतं. मला त्याही अवस्थेत वाटून गेलं, चांगलं उदाहरण आहे.

प्रफुलने विचारलं, "ही बरी होईन न सर?"

"बहुतेक पेशंट होतात. पण आधी हे खाली जाणार. किती खाली, ते आज मी सांगू शकत नाही."

ते वाक्य मला फार दिवस पुरलं. आजार बरा होईल की नाही याची भीती सगळ्यांनाच असते. हा आजार आधी बिघडणार आणि मग थांबणार होता, आणि ते बिघडणं मी जागेपणी बघणार होते. सकाळी कंगवा धरता येत होता, संध्याकाळी येत नव्हता. दुसऱ्या दिवशी पाणी गिळताना ठसका लागला. माझं शरीर एकेक खोलीतला दिवा बंद करत चाललं होतं आणि मी आत बसून बघत होते.

आयसीयू

तिथे दिवस औषधांच्या वेळांनी चालतो. पाच दिवस शिरेतून थेंब थेंब औषध गेलं. दर थोड्या वेळाने कुणीतरी यायचं आणि म्हणायचं, एका श्वासात आकडे मोजा. जेवढे आकडे जास्त तेवढा दम चांगला. मी आयुष्यभर मुलांची तोंडी परीक्षा घेतली, आता माझी होत होती, आणि दरवेळी माझे मार्क कमी होत होते. पलीकडे कोपऱ्यात व्हेंटिलेटर तयार ठेवला होता. माझ्यासाठीच आहे हे कुणी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

एका दुपारी घशात कफ अडकला. सिस्टर समोरच्याच बेडवर होत्या, माझ्याकडे पाठ करून, दुसऱ्या पेशंटची सलाईन बदलत. मला ओरडायचं होतं. तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर गेली. हात उचलेना. मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. पांढऱ्या कपड्यावर निळ्या शाईचा एक डाग होता, तो अजून डोळ्यांपुढे आहे. त्या वळल्या ते केवळ कापसाचा बोळा टाकायला. मग धावल्या, मशीनने घसा साफ केला, मला कुशीवर वळवलं.

त्या सिस्टरांचं नाव वंदना. त्यांनी नंतर एक गोष्ट केली. मान तेवढी थोडी वळत होती, म्हणून उशीच्या काठावर स्टीलची एक रिकामी वाटी ठेवली. "मॅडम, काही वाटलं का मुंडी हलवा. वाटी खाली पडन, आवाज होईन, मी येईन." मी किती वेळा वाटी पाडली असेल. त्या दरवेळी आल्या. एकदा तर काहीच झालं नव्हतं, मी फक्त वाटी वाजते का हे बघत होते. त्यांनी ती उचलली, पुसली आणि परत ठेवली.

त्या दुपारचं मी घरी कुणाला सांगितलं नाही. प्रफुल बाहेर चटईवर झोपायचा, डब्यातलं अर्धं जेवण तसंच परत पाठवायचा. त्याला आणखी काय सांगणार.

व्हेंटिलेटर लागला नाही. एका सकाळी माझे आकडे वाढले. थोडेच वाढले, पण डॉक्टर म्हणाले, "थांबलं. आता वर."

रेवा

आमची मुलगी रेवा दुसरीत आहे. ती वणीला सासूबाईंपाशी होती. मला वॉर्डात हलवल्यावर प्रफुलने तिला भेटायला आणलं. माझा चेहरा तेव्हा दोन्हीकडून सैल पडला होता. डोळे पूर्ण मिटत नव्हते, ओठ हलत नव्हते. तिला बघून मी आतून हसले. बाहेर काहीच आलं नाही.

ती बापाच्या मागे गेली. हळूच म्हणाली, "आई रागावली का?"

प्रफुल म्हणाला, "नाही बेटा, तिचं तोंड थकलं."

ते तिला पटलं. तिने जवळ येऊन माझ्या ओठांचे दोन्ही कोपरे बोटांनी वर उचलले आणि बापाकडे बघून म्हणाली, "आता?"

डोळे मिटत नव्हते, त्यामुळे मला वेगळं रडावं लागलं नाही. पाणी आधीच वाहत होतं.

घरी

घरी आले ते स्ट्रेचरवरून. दिवाणखान्यात पलंग टाकला होता. सासूबाई बोरी अरब गावच्या, चार भावांची एकटी बहीण, बोलायला रोखठोक. त्यांनी आल्याबरोबर माझी नजर उतरवली आणि मग फिजिओथेरपीचे व्यायाम पाठ करून घेतले. दोन्हींवर त्यांचा सारखाच विश्वास होता.

व्यायाम शिकवायला शगुफ्ता मॅडम यायच्या. त्यांचा बाप आणि दोन्ही भाऊ ट्रकचे मेकॅनिक, त्यामुळे त्या माझ्या हातापायांबद्दलही गाडीच्या भाषेत बोलायच्या. "पाय नंतर धरतील. हाताचं काम आधी. बोटं चालली पाहिजेत." मग माझ्यापुढे एक ताट आलं, तूर आणि हरभऱ्याची डाळ मिसळलेलं. मी वेगवेगळी करायची. झाली की सासूबाई परत मिसळायच्या. पहिल्यांदा मन लावून केलं. नंतर तो रंग बघितला की जीव नकोसा व्हायचा.

या काळात प्रफुलने माझं सगळं केलं. अंघोळ घातली, वेणी घातली, बाथरूमला नेलं, रात्रपाळी बदलून घेतली. त्याच्याबद्दल कुणीही चांगलंच बोलेल, आणि ते खरं आहे. पण एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. आम्ही नवराबायको उरलो नव्हतो. तो माझ्याकडे बघायचा ते ताप बघितल्यासारखं. जेवण खारट झालं तर बोलायचा नाही. मी चिडले तरी "बरं, बरं" म्हणायचा. आजारी पडल्यापासून तो माझ्याशी एकदाही भांडला नव्हता. त्याआधी आम्ही आठवड्यातून दोनदा तरी भांडायचो, कूलरच्या पाण्यावरूनसुद्धा.

गिटार

कपाटावर प्रफुलची गिटार पडून होती. अमरावतीला इंजिनीअरिंग करताना त्याचा चार पोरांचा बँड होता. त्यांना एकच गाणं धड यायचं, अमेरिकेतलं, नव्वदच्या दशकातलं. त्या प्रकाराला ग्रंज म्हणतात. ग्रंज म्हणजे काय असं मी लग्नानंतर विचारलं होतं, तेव्हा तो म्हणाला होता, "आवाज मुद्दाम खराब केलेला, आन माणूस खरंच वैतागलेला." नोकरी लागली, रेवा झाली, गिटार वर गेली.

एका संध्याकाळी रेवा कंटाळून किरकिर करत होती म्हणून त्याने ती खाली काढली. तारा गंजल्या होत्या, त्या बदलल्या. दोन दिवसांनी छोटा अ‍ॅम्प्लिफायरही निघाला. त्याने वाजवायला सुरुवात केली आणि सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मिक्सरमधी चमचा गेला का वं?"

मी म्हटलं, "मला द्या."

"तुले नाही जमणार. तारा बोटाले कापतात."

"बोटं बधिरच आहेत. द्या."

त्याने उशा लावून मला बसवलं आणि गिटार मांडीवर ठेवली. मी मधलं बोट तारेवर टेकवलं. टेकवलं म्हणजे पडू दिलं. त्याच्यापेक्षा जास्त जोर माझ्याकडे नव्हताच. कित्येक आठवडे मी जे काही केलं ते दुसऱ्याला दिसतच नव्हतं. घास उचलला तर नुसता चमचा हलायचा, हाक मारली तर शेजारच्या खोलीत पोचायची नाही. त्या अ‍ॅम्प्लिफायरने मात्र माझं ते पडलेलं बोट उचलून अख्ख्या घरभर केलं. खिडकीची काच थरथरली. रेवाने कान झाकले आणि म्हणाली, "परत."

शगुफ्ता मॅडमना दुसऱ्या दिवशी भीत भीत विचारलं. त्यांनी गिटार उलटीपालटी करून बघितली. "वजन पायावर राहू द्या, खांद्यावर नको. थकलं का थांबायचं. बाकी, डाळीपेक्षा हे बरं."

अडचण अशी होती की गिटारवर साधा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे दोनतीन सूर, धरायलाही तीन बोटं तीन वेगवेगळ्या जागी लागतात, आणि माझी करंगळी आणि अनामिका आपल्याच नादात होत्या. प्रफुल दोन दिवस त्यावर विचार करत राहिला. मग ड्युटीवरून आला तो बूट न काढताच गिटारपाशी बसला.

"आपण येडे होऊन राह्यलो," तो म्हणाला. "त्या गाण्यात जाड तार एक सूर खाली उतरवलेली आहे. मंग त्या बाजूच्या तीन जाड तारा एकाच बोटानं दाबल्या तरी अख्खा कॉर्ड वाजते. एक बोट आडवं टाकायचं आन सरकवायचं. बस."

त्याने खुंटी पिळली. तार सैल होत गेली, आवाज गुरगुरत खाली उतरला. मी पहिलं बोट तिन्ही तारांवर आडवं टाकलं आणि वर दुसरं बोट दाबायला ठेवलं. त्याने उजव्या हाताने तारा छेडल्या. फट आवाज आला, मेलेला. मी थोडी सरकले. परत छेडल्या.

या वेळी वाजलं. पूर्ण, जाड, खरखरीत. मी वर्गात कंपनं शिकवताना तार नेहमी फळ्यावर काढत आले होते. ही माझ्या हाडात वाजत होती, आणि बधिर बोटांनाही ती कळत होती.

भांडण

गाणं चार जागांचं होतं. बोट एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकवायचं, एवढंच. हळू भाग दबक्या आवाजात, त्यासाठी उजव्या तळहाताची कड तारांवर टेकवायची. मग एकदम हात उचलायचा आणि सगळं मोकळं सोडायचं, तिथे ओरडायचं. ओरडायचं काम प्रफुल करायचा. माझा दम तेवढा नव्हता. शब्द त्यालाही नीट येत नव्हते, कॉलेजपासून तो तेच चुकीचे शब्द ओरडत होता.

महिनाभर मी दुसऱ्या जागेवरून तिसऱ्या जागेवर जाताना उशिरा पोचत होते. तो म्हणायचा, छान, छान. मला माहीत होतं छान नाही. मी शिक्षिका आहे. नापास होणाऱ्या पोराला छान म्हणायचा सूर मला ओळखू येतो.

मग एका सुट्टीच्या सकाळी त्याने माझं बोट धरलं आणि उचलून जागेवर ठेवलं, जेवण भरवताना चमचा धरवायचा तसं.

"हात लावू नका."

"मंग बरोबर वाजव."

"मले नाही जमत."

"जमते. तू लक्षच देऊन नाही राह्यली. चौथ्यांदा तीच चूक. बोट ढिलं नाही, तू आधी घाबरून राह्यली, म्हणून उशीर होते."

मी त्याच्याकडे बघितलं. तो खरोखर चिडला होता. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"तुला काय होतं बोलायला?" मी म्हटलं. सासूबाई पलीकडेच होत्या आणि माझ्या तोंडून 'तुला' गेलं होतं. आता थांबण्यात अर्थ नव्हता. "तू माझ्याकडे बघतोस तरी का? हात बघतो, पाय बघतो, लघवी किती झाली ते बघतो. मी कुठं आहे त्यात? मी मेले का?"

स्वयंपाकघरात गॅस बारीक झाल्याचा आवाज आला.

प्रफुलने माझ्या मांडीवरची गिटार उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "मी ठरवून ठेवलं होतं."

"काय?"

"रेवाले कसं सांगायचं ते. तू आत होती तेव्हा. चटईवर पडल्या पडल्या शब्द जुळवत होतो. आधी काय म्हणायचं, मंग काय. सगळं तयार झालं होतं माझं." त्याने गिटारची वायर बोटाला गुंडाळली आणि सोडली. "तू बरी होऊन राह्यली. पण ते डोक्यातून जाऊन नाही राह्यलं. तुझ्याकडे पाह्यलं का तेच आठवते. म्हणून हात पाहतो, पाय पाहतो."

मी एवढंच म्हटलं, "मला तरी सांगायचं."

"तुले कसं सांगू?"

ते खरंच होतं. मीही त्याला सगळं कुठे सांगितलं होतं.

तो उठून मोटरसायकल धुवायला गेला. बराच वेळ धुतली. दुपारी जेवताना म्हणाला, "भाजीत मीठ जास्त आहे." सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं. भाजी मीच बसल्या बसल्या चिरली होती आणि मीठ मीच टाकलं होतं. मला इतकं बरं वाटलं की मी दुसरी पोळी घेतली.

एकटीने

त्यानंतर काही दिवस त्याने शिकवलं नाही आणि मी म्हटलंही नाही. दुपारी तो ड्युटीवर असताना मी सासूबाईंना गिटार मांडीवर ठेवून द्यायला सांगायचे, आणि तारा छेडायचं कामही माझ्याच उजव्या हाताने करायचे. त्या दोन्ही हातांनी, तान्हं लेकरू धरावं तशी आणून ठेवायच्या. वायर कुठे लावायची हे त्यांना माझ्याआधी पाठ झालं.

घाबरून उशीर होतो, हे त्याचं म्हणणं मी तपासून बघितलं. खरं निघालं. दुसऱ्या जागेवर असतानाच माझं मन तिसऱ्या जागेवर जाऊन तिथे पडत होतं. आयसीयूत हेच झालं होतं, सकाळीच मी संध्याकाळी कोणता अवयव जाईल ते बघत बसायचे. मग मी वाजत असलेला कॉर्ड पूर्ण ऐकायचा ठरवला. संपेपर्यंत. मग सरकायचं. वेग गेला, गाणं अर्ध्याहून हळू झालं, पण तिसरी जागा वेळेवर यायला लागली.

एका दुपारी गल्लीत त्याची मोटरसायकल आल्याचा आवाज आला आणि बंद झाला. फाटक काही वाजलं नाही. मी वाजवत राहिले. गाण्याचा हळू भाग संपला, मोठा भाग संपला, परत हळू आला. तेव्हा कुठे फाटक वाजलं. तो आत आला, हातपाय धुतले आणि पलंगाच्या काठावर बसून म्हणाला, "तिसरी जागा बसली."

"हो."

"चौथी अजून ढिली आहे."

"माहीत आहे."

ज्यांच्या घरी हे चालू आहे त्यांच्यासाठी

गिटार घ्या असं मी कुणाला सांगणार नाही. माझ्या बोटांना ती मानवली. तुमच्या डॉक्टरांना आणि फिजिओला विचारल्याशिवाय काहीच करू नका. माझे तळपाय अजून सुन्न आहेत, जिना उतरताना मी अजून कठडा धरते, डावा डोळा वाऱ्यात पाणावतो. हे खोटं रंगवून सांगण्यात तुमचा फायदा नाही. पण मी परत उभी राहून शिकवते, पहिला तास उभी आणि दुसरा खुर्चीत.

पेशंटजवळ बसणाऱ्याला मात्र एक सांगेन. पेशंटला ऐकू येतं. चेहरा हलत नसेल तरी येतं. अंगाला हात लावण्याआधी काय करणार ते बोलून दाखवा. आणि जरा बरं वाटायला लागलं की त्याच्याशी फार गोड वागू नका.

पूर्ण गाणं

गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत न थांबता वाजलं ते एका रविवारी दुपारी. कॉलेजला परत जायच्या आधीची गोष्ट, मी नुकती खुर्चीत बसायला लागले होते. प्रफुलने ठेका धरायला प्लास्टिकची बादली पालथी घातली होती, आणि एक हात गिटारवर, एक बादलीवर असं त्याला जमत नव्हतं. म्हणजे त्याच्यासमोरही गिटारवर दोन्ही हात माझेच होते. उजव्या हाताने प्लेक्ट्रम, तारा छेडायची ती छोटी चकती, दोनदा सोडलं होतं, म्हणून रेवाने ते माझ्या अंगठ्याला चिकटपट्टीने बांधून दिलं.

हळू भाग गेला. मोठा भाग आला आणि प्रफुल ओरडायला चुकला, बादलीच्या नादात राहून गेलं त्याचं. तिथे रिकामी जागा पडली. मी ओरडले. आवाज मधेच फाटला, शब्द तर त्याच्याहून चुकीचे होते. पुढच्या वेळी तो ओरडला नाही, नुसता माझ्याकडे बघत बादली वाजवत राहिला. मी परत ओरडले. दम संपला तिथे थांबले, श्वास घेतला, परत ओरडले. चौथ्या जागेवर बोट घसरलं आणि मी थांबले नाही.

शेवटचा कॉर्ड विरत असताना सासूबाई हात पुसत बाहेर आल्या.

"हे कोन्या देवाचं गानं होय?"

"देवाचं नाही, आई."

"मंग एवढी वरडून काहून राह्यली होती?"

प्रफुल सांगायला लागला, त्या गाण्यात तसंच असते, ती पद्धत आहे. मी त्याला थांबवलं.

"आई, तिथं दवाखान्यात एकदा माझा श्वास अडकला होता. सिस्टर समोरच होत्या. मी ओरडले, पण आवाजच निघाला नाही. त्यांना दिसलं म्हणून मी वाचले."

बादलीवरचे प्रफुलचे हात तसेच राहिले. रेवा माझ्या अंगठ्याची चिकटपट्टी सोडवत होती, ती थांबली.

सासूबाईंनी पदराने कपाळ पुसलं. काही वेळ त्या माझ्या अंगठ्याकडे बघत होत्या. मग कोपऱ्यातली चटई उचलली आणि दाराकडे गेल्या. दुपारची वेळ होती, गल्ली झोपलेली. मला वाटलं, दार लावतील. त्यांनी दार पुरतं उघडलं, उंबऱ्याबाहेर चटई टाकली आणि बसल्या.

"वरड," त्या आत न बघताच म्हणाल्या. "कोनी काही म्हनलं त मी पाहून घेतो."

रेवाने चिकटपट्टी परत दाबून बसवली. प्रफुलने बादलीवर ठेका दिला. मी पहिल्यापासून धरलं, आणि मोठा भाग आला तेव्हा जेवढा होता नव्हता तेवढा दम लावला.

दोन कॉर्डांच्या मधल्या शांततेत बाहेर समोरच्या काकूंचा आवाज ऐकू आला, काय चाललं म्हणून विचारत होत्या.

"माही सून होय," सासूबाई सांगत होत्या. "बरी होऊन राह्यली."